फ्रेंच कादंबरीचा 'विकास' आणि मच्छीमार नगरातील वाचक

१

विद्यापीठीय वाङ्मयाभ्यासात काही शब्द इतके अंगवळणी पडलेले असतात की, संकल्पना म्हणून त्यांची तपासणी करण्याची गरजच कोणाला भासत नाही. 'विकास' हा त्यांपैकी एक होय. 'फ्रेंच कादंबरीचा विकास' या प्रश्नाचे उत्तर पदव्युत्तर विद्यार्थ्याला बहुधा तयारच मिळते. मादाम द लाफायेत यांनी १६७८ मध्ये मानसशास्त्रीय कादंबरीचा पाया घातला. रूसोने १७६१ मध्ये तिला भावना दिली. स्तांदाल आणि बाल्झाक यांनी समाज दिला. फ्लोबेरने कलेची शिस्त, तर झोलाने निसर्गवाद दिला. प्रूस्तने काळ आणि स्मृती यांचा शोध घेतला. सार्त्र आणि कामू यांनी अस्तित्वाचा प्रश्न मांडला. आणि १९५० च्या दशकात रोब-ग्रिये प्रभृतींनी पात्र, कथानक, आशय हे सारे मोडीत काढले. या आठ-दहा पायऱ्या पाठ झाल्या की फ्रेंच कादंबरी 'झाली'.

या उत्तरातील एकेक विधान स्वतंत्रपणे घेतले तर ते खोटे ठरत नाही. खोटी आहे ती त्यांची मांडणी. प्रत्येक पायरी खालच्या पायरीहून उंच आहे, प्रत्येक कादंबरीकार पुढच्याची तयारी करून देण्यासाठीच जन्माला आला, आणि जगातील इतर भाषांतील कादंबऱ्यांनी याच शिडीवरून, थोड्या उशिराने का होईना, चढावयाचे आहे, असे या मांडणीचे अध्याहृत गृहीतक आहे. मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने या गृहीतकाचा परिणाम गंभीर होतो. फ्रेंच कादंबरीविषयी त्याला जे कळते ते थोडेच असते. परंतु मराठी कादंबरी 'मागे' आहे, हे मात्र त्याला पक्के कळते.

१८५७ या एका वर्षाकडे पाहावे. त्या वर्षाच्या प्रारंभी 'मादाम बोव्हारी'वर पॅरिसमध्ये खटला चालला आणि निर्दोष सुटल्यावर ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले. आणि त्याच वर्षी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. शिडीच्या हिशेबात यांतील पहिली घटना पाचव्या-सहाव्या पायरीवरची आणि दुसरी जमिनीवरची. वास्तविक दोन्ही कृतींमध्ये विवाहसंस्थेत कोंडलेल्या स्त्रीची स्थिती हा विषय आहे, आणि दोन्हींमध्ये तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार कोणाला हा प्रश्न आहे. एका ठिकाणी तो न्यायालयात गेला, दुसऱ्या ठिकाणी तो धर्मप्रसाराच्या चौकटीत बसविला गेला. हा तौलनिक अभ्यासाचा खरा विषय होऊ शकला असता. त्याऐवजी विद्यार्थी लिहितो की, फ्लोबेरच्या काळी मराठी कादंबरी बाल्यावस्थेत होती.

२

ही शिडी आली कोठून, हे पाहिले म्हणजे तिचा दरारा बराच कमी होतो. फ्रान्समध्ये ती दोन हातांनी बांधली. पहिला हात कादंबरीकारांचा. झोलाने १८८१ च्या 'निसर्गवादी कादंबरीकार' या ग्रंथात बाल्झाक, स्तांदाल, फ्लोबेर यांना आपल्या पूर्वजांच्या रांगेत उभे केले. रोब-ग्रियेने १९६३ मध्ये नव्या कादंबरीची बाजू मांडताना बाल्झाकप्रणीत कादंबरीला कालबाह्य ठरविले. प्रत्येक पिढीने शिडी आखली ती स्वतः वरच्या पायरीवर उभे राहण्यासाठी. हे वकिलाचे युक्तिवाद होते. विद्यापीठांनी त्यांना नकाशा मानले. दुसरा हात शाळेचा. तिसऱ्या प्रजासत्ताकाला एकसंध राष्ट्रीय वाङ्मय हवे होते. लान्सोंच्या वाङ्मयेतिहासापासून, म्हणजे १८९० च्या दशकापासून, शतके, संप्रदाय आणि थोर लेखक यांची जी शालेय मांडणी रूढ झाली तिचा हेतू फ्रेंच मुलांना फ्रेंच नागरिक बनविणे हा होता. मुंबईतील विद्यार्थ्याला फ्रेंच नागरिक बनावयाचे नसल्याने ती मांडणी जशीच्या तशी त्याच्या माथी मारण्याचे कारण दिसत नाही.

शिडी पश्चात्दृष्टीने कशी बांधली जाते, याचे एक बोलके उदाहरण द्युजार्दें याचे आहे. संज्ञाप्रवाहात्मक निवेदनाचा सलग प्रयोग त्याने १८८७ मध्ये केला. तो जवळजवळ विस्मरणात गेला होता. पुढे जॉइसने त्याचे ऋण मान्य केल्यावर फ्रेंच वाङ्मयेतिहासाला आपल्याच घरातील या लेखकाची आठवण झाली. म्हणजे १८८७ ची पायरी १९२० नंतर बसविली गेली. असे असता बा. सी. मर्ढेकर यांच्या 'रात्रीचा दिवस'ला (१९४२) जॉइसनंतर किती वर्षांनी आलेली कृती म्हणावयाचे, हाच जणू समीक्षेचा मुख्य प्रश्न असल्यासारखे लिहिले जाते.

मराठीत या शिडीला दोन प्रतिसाद मिळाले. पहिला न्यूनगंडाचा. वि. का. राजवाडे यांनी १९०२ च्या 'कादंबरी' या निबंधात युरोपीय कादंबरीच्या तुलनेत मराठी कादंबरीची कठोर झडती घेतली. राजवाड्यांच्या कठोरपणामागे वाचनाची प्रचंड भूक होती. त्यांच्या नंतरच्या अनेकांनी भूक टाकली आणि कठोरपणा तेवढा ठेवला. दुसरा प्रतिसाद देशीवादाच्या सुलभ आवृत्तीचा. भालचंद्र नेमाडे यांची मूळ मांडणी अनेक अंगांनी विचारप्रवर्तक आहे. येथे अभिप्रेत आहे ते तिचे वर्गात पोहोचलेले रूप. त्यानुसार फ्रेंच कादंबरी ही त्यांची, मराठी कादंबरी ही येथील मातीची, सबब पहिलीचा अभ्यास हा वसाहतवादी संस्कारांचा अवशेष ठरतो. वरवर पाहता हे दोन प्रतिसाद परस्परविरोधी आहेत. तथापि दोघांनाही शिडी मान्य आहे. एक तिच्यापुढे हात जोडतो, दुसरा तिला पाठ दाखवितो. ती मुळात शिडी आहे काय, हे दोघेही विचारीत नाहीत.

पास्काल काझानोव्हा यांनी १९९९ मध्ये जागतिक वाङ्मयव्यवहाराची मीमांसा करताना पॅरिसला वाङ्मयाची ग्रीनिच रेषा म्हटले: कोण पुढे, कोण मागे, हे ज्या रेषेवरून मोजले जाते ती. हे वर्णन म्हणून उद्बोधक आहे. परंतु वर्णन आणि मूल्य यांतील भेद विसरला की सत्तेचा नकाशा गुणवत्तेचा तक्ता बनतो. घड्याळ ग्रीनिचवरून लावले म्हणून मुंबईचा सूर्य उशिरा उगवत नाही.

३

शिडी काय लपविते, हे सर्वांत स्पष्ट दिसते ते मराठी कादंबरीच्या प्रत्यक्ष इतिहासात. १८३६ मध्ये एमिल द जिरार्दें याने 'ला प्रेस' हे दैनिक निम्म्या वर्गणीत काढले. तूट जाहिरातींनी भरून काढावयाची आणि वाचक टिकविण्यासाठी क्रमशः कादंबरी छापावयाची, हे त्यामागील गणित होते. बाल्झाकची एक कादंबरी त्याच वर्षी त्या दैनिकात क्रमशः आली. १८४२-४३ मध्ये यूजेन स्यू याच्या 'पॅरिसची रहस्ये' या मालिकेने वृत्तपत्रीय कादंबरीचा कळस गाठला. तिच्याच धर्तीवर रेनॉल्ड्सने १८४४ पासून लंडनची रहस्ये लिहिली. रेनॉल्ड्स हिंदुस्थानात अमाप वाचला गेला. आणि हरिभाऊ आपटे यांच्या 'मधली स्थिती' (१८८५) या पहिल्या कादंबरीला रेनॉल्ड्सच्याच 'मिस्टरीज ऑफ ओल्ड लंडन'चा आधार होता. पुढे १८९० मध्ये हरिभाऊंनी 'करमणूक' काढले आणि 'पण लक्षात कोण घेतो' तेथे क्रमशः प्रसिद्ध झाली.

पॅरिस, लंडन, पुणे असा हा मार्ग आहे, आणि तो पूर्णतः वृत्तपत्राच्या पानांवरून जातो. फ्रेंच कादंबरीचा मराठीशी आलेला एक अत्यंत महत्त्वाचा ऐतिहासिक संबंध हा असताना शिडीवर स्यूला पायरी नाही, कारण तो 'लोकप्रिय' आहे. ज्या अभ्यासक्रमात फ्लोबेर आहे पण स्यू नाही, तो अभ्यासक्रम मराठी सामाजिक कादंबरीची घडण समजावून सांगू शकत नाही. शिडीने पाहिले की हरिभाऊ बाल्झाकनंतर अर्धशतकाने आलेले दिसतात. वृत्तपत्राच्या अंगाने पाहिले की बाल्झाक आणि हरिभाऊ एकाच अडचणीत सापडलेले दोन लेखक दिसतात: अंक वेळेवर निघाला पाहिजे, वाचक पुढच्या अंकापर्यंत टिकला पाहिजे, आणि त्या घाईतही समाजाविषयी खरे बोलले पाहिजे.

४

आता या वादाला एका ठिकाणी उभे करून पाहणे आवश्यक आहे. मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधील जुन्या इमारतींपासून कफ परेडचे मच्छीमार नगर फार तर तीन किलोमीटरांवर आहे. बॅक बेच्या भरावाच्या कडेला, उंच इमारतींच्या पायथ्याशी, होड्या आणि जाळी यांच्या सान्निध्यात ही वस्ती आहे. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोही कफ परेडपर्यंत पोहोचली आहे. या वस्तीतील एक विद्यार्थिनी पदव्युत्तर वर्गात येते अशी कल्पना करावी. ती घरी जी बोली बोलते तिच्यात 'तांडेल' आणि 'नाखवा' यांतील फरक हा वर्गसंबंधाचा फरक आहे: एक होडी चालवितो, दुसऱ्याची ती असते. तिच्यात 'उधाण' आणि 'भांग' हे शब्द पंचांगाशी आणि मिळकतीशी एकाच वेळी बांधलेले आहेत, कारण डोल जाळ्याच्या तोंडात मासळी येते ती भरती-ओहोटीच्या ओढीने, आणि उधाणाची ओढ वेगळी, भांगाची वेगळी. अर्थात तेथे राहणारी सारीच माणसे कोळी नाहीत, आणि सारे कोळी एकच बोली बोलत नाहीत. वस्तीला चित्रासारखे सपाट करण्याचे कारण नाही.

या विद्यार्थिनीला फ्रेंच कादंबरी काय देते? शिडीच्या रूपाने ती दिली तर उत्तर नकारार्थी आहे. फ्रेंच कादंबरीत मुंबई येते ती गाडी बदलण्यापुरती. ज्यूल व्हेर्नच्या 'ऐंशी दिवसांत जगाची सफर' या १८७२ मध्ये क्रमशः छापल्या गेलेल्या कादंबरीत नायक दुपारी साडेचारला मुंबईत उतरतो आणि रात्री आठच्या आगगाडीने निघतो. मधल्या साडेतीन तासांत त्याचा नोकर मलबार हिलवरील देवळात बुटांसह शिरतो आणि बूट गमावून पळतो. शहर एवढेच. येथील किनाऱ्याचे नशीब जगाच्या कथनात पुढेही फारसे पालटले नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी रबरी होडीतून या मच्छीमार नगराच्या किनाऱ्याला लागले, आणि तेव्हापासून देशोदेशींच्या वृत्तकथनांत ही वस्ती 'उतरण्याची जागा' म्हणून येते. तेथे आधीपासून राहणाऱ्यांचे जगणे हा कथनाचा विषय होत नाही. ते फार तर साक्षीदार असतात.

मराठी साहित्यव्यवहाराने तरी काय वेगळे केले? कोळ्यांची भाषा मराठीने गाण्यासाठी आनंदाने स्वीकारली. ध्वनिमुद्रिका, आकाशवाणी, चित्रपट, शाळेचे स्नेहसंमेलन, सर्वत्र कोळीगीत आहे, वेश आहे, वल्हे मारण्याचा अभिनय आहे. परंतु निवेदनाची भाषा म्हणून, म्हणजे जग कसे आहे हे सांगण्याची भाषा म्हणून, तिला कितीशी जागा मिळाली? जिने नाचावे अशी अपेक्षा आहे, पण जिने सांगावे अशी अपेक्षा नाही, अशी ही भाषा आहे.

५

याच बिंदूवर फ्रेंच कादंबरीचा वेगळा अभ्यास सुरू होऊ शकतो. त्याचा आरंभ शब्दापासून करावा. कादंबरीला फ्रेंचमध्ये 'रोमां' म्हणतात, आणि या शब्दाचा मूळ अर्थ लॅटिनहून भिन्न अशी लोकांची बोली असा आहे. लॅटिनमधील मजकूर लोकभाषेत आणणे म्हणजे तो 'रोमां'मध्ये घालणे. याउलट मराठीने या प्रकाराला नाव दिले ते बाणभट्टाच्या ग्रंथाचे, संस्कृतातील सर्वांत अलंकृत गद्यकृतींपैकी एकीचे. नावावरून प्रकृती ठरत नाही हे खरे. तथापि एका परंपरेने कादंबरीला बोलीचे नाव ठेवले आणि दुसरीने पंडितांच्या भाषेचे, ही गोष्ट विचारात पाडणारी आहे.

नाव बोलीचे असले तरी फ्रेंच कादंबरीतही निवेदकाची भाषा आणि पात्रांची भाषा यांमध्ये दीर्घकाळ एक भिंत उभी होती. ही भिंत, तिला पडलेली भगदाडे आणि ती पुन्हा बांधण्याचे प्रयत्न यांच्या अंगाने दोन शतकांची कादंबरी वाचता येते. स्यू गुन्हेगारांची बोली वापरतो, पण तिचे अर्थ टीपांत देतो. वाचकाचे हात मळू नयेत अशी ती व्यवस्था आहे. ह्यूगो 'ले मिझेराब्ल'मध्ये (१८६२) त्याच बोलीवर स्वतंत्र प्रकरणे लिहितो आणि तिची बाजू घेतो, परंतु बाजू घेणारा आवाज ह्यूगोचाच राहतो. फ्लोबेरवरील खटल्यात सरकारी वकिलाची खरी अडचण भिंतीचीच होती. मुक्त अप्रत्यक्ष निवेदनामुळे एमाचे विचार निवेदकाच्या वाक्यात मिसळले होते, आणि कादंबरीत तिला दोषी ठरविणारा आवाज कोठेच सापडत नव्हता. याउस यांनी १९६७ च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात या खटल्याचा हाच अर्थ लावला: निवेदनाच्या एका नव्या रीतीने वाचकांचा नैतिक निवाडा अस्थिर केला.

झोलाने 'लासोम्वार'मध्ये (१८७७) यापुढचे पाऊल टाकले. तेथे कामगारवस्तीची भाषा केवळ संवादांत नाही. तृतीयपुरुषी निवेदकच त्या भाषेत बोलू लागतो. कादंबरीवर गहजब झाला तेव्हा झोलाने प्रस्तावनेत म्हटले की, लोकांना राग आला तो शब्दांचा. हे विधान तंतोतंत खरे होते. धोबिणीच्या दारिद्र्याची कथा वाचकांना चालत होती; ती कथा तिच्या शब्दांत सांगणारा सुशिक्षित निवेदक चालत नव्हता. येथे भाबडेपणा टाळावयास हवा. झोलाने ती बोली काही अंशी शब्दकोशांतून आणि कामगारजीवनावरील एका पुस्तकातून उचलली होती, आणि त्यावरून त्याच्यावर उसनवारीचा आरोपही झाला. म्हणजे भिंत पाडणारा भिंतीच्या अलीकडचाच होता. हा प्रश्न शिडीवर उपस्थितच होत नाही, कारण तेथे 'लासोम्वार' म्हणजे आनुवंशिकता अधिक परिस्थिती, एवढेच सूत्र पाठ असते.

पुढे सेलीनने १९३२ मध्ये बोलभाषा प्रथमपुरुषी निवेदकाच्या तोंडी दिली. कामूच्या 'लेत्रांजे'मध्ये (१९४२) क्रांती आहे ती काळाच्या क्रियारूपाची: केवळ लेखनात वापरला जाणारा भूतकाळ टाकून त्याने बोलण्यातला भूतकाळ निवेदनासाठी घेतला. रोलां बार्थ यांनी १९५३ मध्ये त्या लेखी भूतकाळाला कादंबरी नावाच्या संस्थेचे चिन्ह म्हटले, ते या संदर्भात वाचावे. आयव्हरी कोस्टच्या अहमदू कुरुमा याने १९६८ मध्ये 'स्वातंत्र्याचे सूर्य' या कादंबरीत मालिंके भाषेच्या वळणाने फ्रेंच वाक्य वाकविले; ती प्रथम प्रसिद्ध झाली माँट्रिअलमध्ये, पॅरिसमध्ये नंतर. हा तपशील शिडीच्या भूगोलावर पुरेसे भाष्य करतो.

मात्र ही मांडणी म्हणजे दुसरी शिडी नव्हे. ह्यूगोच्या १८६६ च्या सागरी कादंबरीत गर्न्सी बेटावरच्या बोलीतील 'पिएव्र' हा आठ पायांच्या समुद्री प्राण्याचा शब्द आला आणि प्रमाण फ्रेंचमधील 'पुल्प' या शब्दाशेजारी तो कायमचा रुजला. मच्छीमारांचा एक शब्द एका कादंबरीने साऱ्या राष्ट्राच्या तोंडी घातला. त्यानंतर वीस वर्षांनी, १८८६ मध्ये, पिएर लोतीने ब्रिटनीच्या मच्छीमारांवर कादंबरी लिहिली. ती हृद्य आहे; पण तिच्यातील मच्छीमार समुद्राचे घास होतात, समुद्राविषयीचे ज्ञान बाळगणारे होत नाहीत, आणि निवेदक नौदलातील अधिकाऱ्याच्या अंतरावरून पाहात राहतो. नंतरची कृती येथे मागे गेली आहे. 'विकास' हा शब्द या जोडीपुढे निरुपयोगी ठरतो, आणि मच्छीमार नगरातील वाचकाला नेमकी हीच जोडी सर्वांत जास्त शिकवू शकते.

६

हा प्रश्न हाती घेऊन मराठीकडे वळले की परिचित कृती वेगळ्या दिसू लागतात. भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका'वर (१९६५) आचार्य अत्रे यांनी अश्लीलतेचा आरोप करून झोड उठविली. तेथेही खरा क्षोभ शब्दांचाच होता. आनंद यादव यांच्या 'गोतावळा'मध्ये (१९७१) शेतगड्याची बोली हीच निवेदनाची भाषा आहे. परंतु दोन्ही ठिकाणी निवेदक 'मी' आहे. मराठीत बोलीला निवेदन मिळते ते बहुधा ती 'मी' म्हणून बोलते तेव्हा. तृतीयपुरुषी, सर्वसाक्षी निवेदक मात्र बहुतांशी प्रमाण मराठीतच बोलतो, आणि पात्राने तोंड उघडल्यावर अवतरणचिन्हांच्या आत बोली सुरू होते. जणू स्वतःविषयी सांगण्याचा अधिकार बोलीला दिला आहे, जगाविषयी सांगण्याचा दिलेला नाही. 'लासोम्वार'चा तृतीयपुरुषी निवेदक समजून घेतल्याशिवाय मराठीतील ही उणीव दिसतच नाही. फ्रेंच कादंबरीच्या अभ्यासाचे समर्थन करावयाचे तर ते असे करता येते: ती मराठी कादंबरीचे भविष्य दाखवीत नाही, मराठीत सवयीने अदृश्य झालेली एक भिंत दृश्य करते.

यावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ही वाङ्मयसमीक्षा नसून समाजशास्त्र आहे. वस्तुस्थिती उलट आहे. निवेदनाचा पुरुष, क्रियापदाचा काळ, अवतरणचिन्हांची जागा, मुक्त अप्रत्यक्ष वाक्याची घडण हे सारे रूपाचे प्रश्न आहेत. बाख्तीनने १९३० च्या दशकात कादंबरीतील बहुभाषिकतेचा विचार केला तो रूपविचार म्हणूनच. कादंबऱ्यांची नावे, साली आणि वाद यांची यादी पाठ करणे, यात मात्र रूपाचा विचार औषधालाही नाही.

दुसरा आक्षेप असा की, हा अभ्यास मूळ भाषेवाचून शक्य नाही, आणि मराठी विद्यार्थी फ्रेंच कादंबरी वाचतो ती इंग्रजीतून. हा आक्षेप मान्य केला पाहिजे. पण त्याचा निष्कर्ष वेगळा निघतो. इंग्रजी अनुवादात सर्वांत आधी हरवते ती हीच भिंत: 'लासोम्वार'ची बोली गुळगुळीत होते, कामूचा भूतकाळ साधा इंग्रजी भूतकाळ बनतो. शिडी मात्र अनुवादातून अबाधित पोहोचते, म्हणून तर ती शिकविणे सोयीचे असते. उपाय हा की बारा कादंबऱ्यांचे सारांश देण्याऐवजी तीनच कादंबऱ्या घ्याव्यात आणि प्रत्येकीतील चार-पाच पाने मूळ फ्रेंचमधून, शब्दशः, शिक्षकाच्या मदतीने वाचावीत. मुंबईत फ्रेंच ही दीर्घकाळ ठरावीक शाळा-महाविद्यालयांतून गुण मिळवून देणारी भाषा म्हणून नांदली. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला तिचे दार बहुधा पदव्युत्तर वर्गातही बंदच राहते. मराठी आणि फ्रेंच या विभागांनी एका अभ्यासपत्रिकेपुरते एकत्र यावे, एवढी ही माफक मागणी आहे.

तिसरा आक्षेप देशीवाद्यांचा: मच्छीमार नगरातील मुलीने आपल्या बोलीची किंमत ओळखण्यासाठी झोलाकडे का जावे? तिने झोलाकडे किंमत मागावयास जाऊ नयेच. परंतु बोली आणि निवेदन यांचा झगडा अन्यत्र कसा झाला, कोणत्या युक्त्यांनी तो जिंकला गेला आणि कोणत्या युक्त्यांनी फसला, हे जाणण्याचा तिला अधिकार आहे. आपल्या मुलांनी केवळ आपलेच वाचावे, असा आग्रह सुस्थित वर्ग स्वतःच्या मुलांच्या बाबतीत कधीच धरीत नाही. आउअरबाख यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इस्तंबूलमध्ये परागंदा अवस्थेत, अपुऱ्या ग्रंथसामग्रीनिशी 'मिमेसिस' लिहिले, आणि स्तांदाल, फ्लोबेर, झोला यांच्याविषयी पॅरिसला न सुचलेले प्रश्न विचारले. खालच्या थरातील माणसाला गंभीर शैली केव्हा आणि कशी मिळते, हा त्यांचा प्रश्न होता. दुसऱ्या किनाऱ्यावरून फ्रेंच कादंबरी वाचता येते, याचे याहून मोठे प्रमाण नको.

७

या सर्व चर्चेत पणाला लागलेली गोष्ट कोणती, हे आनी एर्नो यांच्या 'ला प्लास' (१९८३) या छोट्या पुस्तकावरून नेमके सांगता येते. त्याचा आरंभ लेखिकेने शिक्षकी पेशाची परीक्षा उत्तीर्ण होण्याच्या प्रसंगाने होतो, आणि लगेच, दोन महिन्यांच्या अंतराने, वडिलांच्या मृत्यूने. वडील नॉर्मंडीतील एका लहान गावी कॅफे आणि किराणा दुकान चालवीत. मुलगी वाङ्मय शिकली आणि त्या शिकण्यानेच वडिलांच्या भाषेपासून तुटली. म्हणून वडिलांविषयी लिहिताना कादंबरीची संस्कारित भाषा वापरणे तिला द्रोहासारखे वाटते आणि ती सपाट, निरलंकृत गद्य निवडते. २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाल्यामुळे एर्नो यांना आता शिडीवर एखादी पायरी मिळेल. परंतु पायरी देऊन त्यांचा प्रश्न मिटत नाही. तो प्रश्न विद्यापीठालाच विचारलेला आहे: वाङ्मयाचे शिक्षण घेणाऱ्याने त्यासाठी कोणाची भाषा मागे टाकावयाची?

मच्छीमार नगरातून येणारी विद्यार्थिनी हीच किंमत मोजते. पहिल्या वर्षी तिची बोली तिच्या उत्तरपत्रिकेतून खोडली जाते. दुसऱ्या वर्षी ती खोडण्याचे काम ती स्वतःच करू लागते. आणि पदवी हाती येते तेव्हा तांडेल आणि नाखवा यांतील फरक ज्या भाषेत जिवंत आहे, त्या भाषेत ती वाङ्मयाविषयी एक वाक्यही बोलू शकत नाही. फ्रेंच कादंबरीच्या शिडीची पायरीन् पायरी तिला तोंडपाठ असते, आणि त्या कादंबरीने दोन शतके ज्या भिंतीशी झुंज दिली ती तिच्याच घराच्या दारात उभी आहे, हे मात्र तिला कोणी सांगितलेले नसते.

म्हणून परीक्षेतील प्रश्न बदलावा. 'फ्रेंच कादंबरीच्या विकासाचे टप्पे सांगा' याऐवजी 'लासोम्वार'चे एक पान द्यावे आणि विद्यार्थ्याला ते स्वतःच्या बोलीत, तृतीयपुरुषी निवेदनात, अवतरणचिन्हांवाचून उतरविण्यास सांगावे. मग प्रमाण मराठीत त्या अनुवादाचे विवेचन मागावे. जेथे बोलीला शब्द सापडणार नाही, जेथे प्रमाण भाषा आपोआप आत शिरेल, जेथे निवेदकाला पात्रापासून दूर सरकावेसे वाटेल, त्या प्रत्येक जागी विद्यार्थ्याला झोलाची अडचण आणि मराठी कादंबरीची अडचण एकाच वेळी कळेल. असा अनुवाद तपासण्यासाठी प्राध्यापकाला कदाचित त्या विद्यार्थिनीलाच काही शब्दांचे अर्थ विचारावे लागतील. वर्गात शिकविणारा आणि शिकणारा यांच्या जागा तेवढ्यापुरत्या बदलतील. फ्रेंच कादंबरी मुंबईत शिकविण्याचे हे एक पुरेसे कारण आहे. विद्यापीठांना ते गैरसोयीचे वाटत असेल, तर त्यांनी निदान 'विकास' हा शब्द अभ्यासक्रमातून काढून टाकावा.